डायक्लोफेनॅकने गुडघा थांबतो, मग तळपायाची आग का थांबत नाही?

तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. आईंचं वय ६२, शुगर बरीच जुनी, आणि दुखणी दोन. उजवा गुडघा जिने चढउतार केले की दुखतो आणि सुजतो, आणि रात्री आडवं झालं की दोन्ही तळपायांची आग होते, इतकी की भांडुपच्या घरात त्या मध्यरात्री उठून मोरीत पायांवर गार पाणी ओतत बसतात. डायक्लोफेनॅक घेतलं की गुडघा काही तास मोकळा होतो पण तळपायांना काडीचाही फरक नाही, आणि डॉक्टरांनी प्रीगॅबलिन सुरू केल्यावर उलटं झालं, पायांची आग जरा कमी आणि गुडघा होता तसाच. त्यात तुमच्या भावाने फॅमिली ग्रुपवर टाकलंय की शास्त्रज्ञांना दुखण्याचं प्रोटीन सापडलंय, ते बंद केलं की कुठलंच दुखणं राहत नाही, अमेरिकेत गोळी पण आली. तर ती गोळी आईला दोन्हीसाठी चालेल का, आणि प्रोटीन एकच असेल तर दोन दुखणी अशी वेगळी का वागतात, असं तुम्ही विचारलंय.

मी मूळचा भूलतज्ज्ञ, बरीच वर्षं मुंबईत पेन क्लिनिकच बघतो. गोळीचं उत्तर आधी देऊन टाकतो, आईंच्या दोन्ही दुखण्यांसाठी ती आज मान्य नाही. पण तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो नीट कळला तर आईंच्या हातातल्या गोळ्याही जास्त चांगल्या वापरता येतील.

बघा, कातडीत, सांध्यात, आतड्यात दुखणं टिपणाऱ्या बारीक नसांची टोकं असतात. चटका बसला, दाब आला, सूज आली की त्या टोकावर थोडासा विद्युत दाब तयार होतो, आणि तो पुरेसा वाढला की नस फायर करते, संदेश पाठीच्या कण्यातून वर मेंदूत जातो. हा संदेश तयार होतो सोडियममुळे, म्हणजे नसेच्या आवरणात प्रोटीनची छिद्रं असतात, ती क्षणभर उघडतात, सोडियम आत घुसतं, परत मिटतात. ह्यांना सोडियम चॅनल म्हणतात. माणसात त्यांचे नऊ प्रकार, नावं नॅव्ह १.१ ते नॅव्ह १.९. त्यातला १.४ स्नायूंत, १.५ हृदयात, आणि दुखण्याच्या नसांत मुख्यतः १.७, १.८ आणि १.९. भावाने पाठवलेल्या मेसेजमधलं प्रोटीन म्हणजे बहुतेक नॅव्ह १.७, आणि गोळी मात्र आहे नॅव्ह १.८ वरची, त्या मेसेजमध्ये दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

दातांचे डॉक्टर लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात तेव्हा तिथले सगळेच सोडियम चॅनल बंद होतात, म्हणून दुखणं जातं आणि ओठही बधीर होतो. तेच औषध जास्त प्रमाणात रक्तात गेलं तर हृदय आणि मेंदू दोन्ही धोक्यात येतात, भूल देताना आम्हाला ह्याचं भान सतत ठेवावं लागतं. म्हणून सगळं जग शोधत होतं की फक्त दुखण्याच्या नसांत असलेला एखादा चॅनल मिळतो का.

१.७ आणि १.८ ची कामं वेगळी आहेत. गॅस पेटवताना लायटरची ठिणगी आणि बर्नरची आच ह्यात जो फरक, तोच इथे. १.७ अगदी लहानशा धक्क्यालाही प्रतिसाद देऊन तो वाढवतो, नसेला फायर होण्याच्या उंबरठ्यापर्यंत आणतो, आणि पुढे संदेशाचा मुख्य जोर १.८ पुरवतो.

आता माणसांमधलं सांगतो, कारण १.७ बद्दल सगळ्यात जास्त शिकवलं ते काही मोजक्या कुटुंबांनी. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांचा अभ्यास छापून आला. सुरुवात झाली एका दहा वर्षांच्या मुलापासून, तो रस्त्यावर खेळ करायचा, दंडातून सुरी आरपार घालायचा, निखाऱ्यांवर चालायचा, त्याला दुखायचंच नाही. चौदा वर्षांचा व्हायच्या सुमारास छपरावरून उडी मारल्याने तो वारला. त्याच्या नात्यातल्या आणि तशाच दुसऱ्या कुटुंबांतल्या मुलांना तपासलं तर जन्मापासून कधीही कसलंच दुखलेलं नाही, स्पर्श कळतो, गरम-गार कळतं, बुद्धी चांगली, पण जीभ आणि ओठ स्वतःच चावून जखमी केलेले, हाडं मोडलेली पण वेळेवर कळलेलं नाही. ह्या सगळ्यांत एससीएन९ए नावाचं जनुक निकामी होतं, आणि ते जनुक म्हणजे नॅव्ह १.७ चा आराखडा. नंतर असंही कळलं की अशा लोकांना वासही येत नाही, कारण नाकातल्या वासाच्या नसांनाही हाच चॅनल लागतो.

ह्याच्या उलट बाजूचे लोकही आहेत. २००४ मध्ये चीनमधल्या रुग्णांत ह्याच जनुकात दुसऱ्या प्रकारचा बिघाड सापडला, आजाराचं नाव एरिथ्रोमेलॅल्जिया. ह्यात १.७ फार सहज उघडतो, जरा ऊब लागली, थोडं चाललं, मोजे घातले की पाय लालबुंद होऊन भाजल्यासारखी आग होते, आणि हे लोक तासन् तास पाय बर्फाच्या पाण्यात ठेवून बसतात. आणि तिसरा एक आजार आहे, त्याचा ह्या जनुकाशी असलेला संबंध २००६ मध्येच कळला, त्यात १.७ उघडतो नीट पण मिटायला उशीर करतो, तर तिथे पायांची आग नसते, गुदद्वाराशी, डोळ्याभोवती, जबड्यात अचानक भयंकर कळ येते, बाळाला शी करताना सुद्धा. मला स्वतःला ह्या संपूर्ण विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. प्रोटीन एकच, ते लवकर उघडलं तर एक दुखणं आणि उशिरा मिटलं तर दुसरं, जागाही वेगळी आणि औषधही वेगळं, म्हणजे कार्बामॅझेपिन हे फिट्सचं औषध तिसऱ्या आजारात छान चालतं आणि एरिथ्रोमेलॅल्जियात मोजके बिघाड सोडले तर फारसं नाही.

आणि त्याच्याही पुढे जाऊन, एरिथ्रोमेलॅल्जियाचा एक बिघाड प्रयोगशाळेत वेगवेगळ्या नसपेशींत घातला तर दुखण्याच्या पेशी जास्त चेकाळतात पण रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या सिम्पथेटिक पेशी मंदावतात. कारण दुखण्याच्या पेशीत सोबत १.८ असतो आणि सिम्पथेटिक पेशीत नसतो. म्हणजे प्रोटीन काय करेल हे ते कुठल्या पेशीत बसलंय आणि त्याच्या शेजारी कोण आहे ह्यावरही ठरतं.

कोकणात गाव असलेल्यांना विंचवाचं सांगायला नको. लाल विंचवाच्या विषातली टॉक्सिन्स नेमकी ह्या सोडियम चॅनलवरच बसतात आणि त्यांना मिटू देत नाहीत, म्हणून डंखाच्या जागी ती असह्य कळ, आणि शरीरातल्या बाकीच्या नसांतही तेच झालं की घाम, उलट्या, बीपीचे चढउतार, हृदयावर ताण. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी प्राझोसिन हे बीपीचं औषध वापरून ह्यातली किती माणसं वाचवली ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण लक्षात घ्या, प्राझोसिन जीव वाचवतं, ते डंखाच्या जागेची कळ थांबवायचं औषध नाही, त्या जागेला बधिरीकरणाचं इंजेक्शन लागतं.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याशी येतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जॉन वुड ह्यांच्या गटाने उंदरांत एक फार सुंदर काम केलं, २०१२ मध्ये छापलं. त्यांनी नॅव्ह १.७ सगळीकडून न काढता टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या नसांतून काढला आणि प्रत्येक वेळी बघितलं की कुठलं दुखणं गेलं. ज्या नसांत १.८ आहे फक्त त्यांच्यातून काढला तर जोरात दाबल्याचं दुखणं गेलं, सुजेचं दुखणं गेलं, पण चटक्याचं राहिलं. सगळ्या संवेदनेच्या नसांतून काढला तेव्हा चटक्याचंही गेलं. पण नस दुखावल्यामुळे होणारं दुखणं, ज्याला आम्ही न्युरोपॅथिक म्हणतो, ते तरीही राहिलं, ते जायला सिम्पथेटिक नसांतूनही १.७ काढावा लागला. आणि २०१४ मध्ये त्याच गटाने दाखवलं की ऑक्सॅलिप्लॅटिन नावाच्या केमोच्या औषधाने होणारं दुखणं आणि कॅन्सर हाडात गेल्याचं दुखणं ह्या दोन्हींना १.७ ची गरजच नाही, तो काढला तरी ती दुखणी तशीच.

ऑक्सॅलिप्लॅटिन म्हटलं तर परळला टाटाला केमो घेतलेल्या कुणाला तरी तुम्ही ओळखत असाल. त्यांना विचारा, डोस झाल्यावर काही दिवस फ्रीजमधली बाटली धरवत नाही, गार पाण्याचा घोट घशात टोचतो, स्टीलचा पेला हातात घेतला की बोटांत सुया. अशा पेशंटला १.७ चं कितीही उत्तम औषध दिलं तरी उंदरांतला हा निकाल बघता मी फार आशा ठेवणार नाही.

मग १.७ चं औषध का नाही आलं? पाकिस्तानातल्या त्या कुटुंबांनंतर कंपन्या हात धुऊन ह्याच्या मागे लागल्या होत्या. फायझरच्या अशा एका औषधाची मधुमेहातल्या पायांच्या दुखण्यावर चाचणी झाली, प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीच्या, तुलनेत ठोस फरक निघाला नाही. कारणं हळूहळू उलगडतायत. औषध बाहेरच्या टोकाशी पोचतं पण कण्यातल्या टोकाशी, जिथे एक नस पुढच्या नसेला निरोप देते, तिथे पुरेसं पोचत नसावं, आणि १.७ तिथेही मोठं काम करतो. दुसरं म्हणजे जन्मापासून १.७ नसलेल्यांच्या शरीरात स्वतःची अफूसारखी द्रव्यं जास्त तयार होतात, २०१५ मध्ये अशा एका बाईंना नॅलोक्सोन दिलं, म्हणजे अफूचा परिणाम उतरवणारं औषध, तर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दुखलं. थोडक्यात, चॅनल जन्मतःच नसणं आणि साठाव्या वर्षी गोळीने तो अर्धवट अडवणं ह्यात खूप अंतर आहे.

१.८ ची गोष्ट वेगळी वळली. सुझेट्रिजिन नावाची गोळी अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ ला मंजूर झाली, ती नॅव्ह १.८ अडवते, अफूच्या जातीची नाही, सवय लागत नाही, आणि तिकडे ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांच्या, व्यसनाने जो हाहाकार केलाय तो बघता ही मोठीच गोष्ट आहे, मला मनापासून आनंद झाला होता. पण मंजुरी कशासाठी आहे ते वाचा. मोठ्या माणसांतलं मध्यम ते तीव्र ताजं दुखणं. चाचण्या झाल्या त्या पोटाची जादा कातडी काढण्याच्या आणि पायाच्या अंगठ्याचं हाड सरळ करण्याच्या ऑपरेशननंतर, पहिल्या ४८ तासांत. प्लासिबोपेक्षा चांगली ठरली, हायड्रोकोडोन (अफूच्या जातीचं औषध) आणि पॅरासिटॅमॉलच्या जोडगोळीपेक्षा वरचढ नाही ठरली. सायटिकासारख्या कंबरेतून पायात जाणाऱ्या दुखण्यावर बघितलं तर औषधाच्या आणि प्लासिबोच्या गटात दुखणं जवळजवळ सारखंच कमी झालं. मधुमेहातल्या पायांच्या दुखण्यावर सुरुवातीची चाचणी आशादायक होती. पण सुरुवातीच्या चाचणीवर मी कुणाच्या आईला औषध देत नाही.

आता तुमच्या आई. गुडघ्यात झीज आणि सूज आहे, तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं सूज आणि दुखणं वाढवणारं द्रव्य तयार होतं, ते नसेच्या टोकावर बाहेरून येऊन बसतं आणि आतल्या १.८ सारख्या चॅनलना जास्त हळवं करतं, मग एरवी न दुखणारी पायरी दुखायला लागते. नस स्वतः चांगली आहे, तिला चिथावणारं कोणीतरी बाहेर आहे. डायक्लोफेनॅक प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, चिथावणी थांबली की नस शांत. तळपायात गोष्ट उलटी, तिथे इतक्या वर्षांच्या साखरेने नसच खराब झालीये. साखर जास्त असली की मिथाइलग्लायॉक्सल नावाचा एक पदार्थ शरीरात साठतो आणि तो थेट नॅव्ह १.८ ला चिकटून त्याचं वागणं बदलतो, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलंय. तिथे प्रोस्टाग्लँडिनचा मुख्य भाग नाहीच, तर डायक्लोफेनॅक थांबवणार काय? आणि प्रीगॅबलिन सोडियम चॅनलला हात लावतच नाही, ते कॅल्शियम चॅनलच्या अल्फा-टू-डेल्टा नावाच्या भागावर बसून कण्यातल्या टोकाशी जाणारा निरोप कमी करतं, म्हणून खराब नसेच्या दुखण्यात ते उपयोगी आणि साध्या सुजलेल्या गुडघ्यात नाही. तुमच्या घरात जे दिसलं ते अगदी पुस्तकात असावं तसं दिसलंय, म्हणून मला तुमचा प्रश्न इतका आवडला.

एक तिसरा प्रकारही असतो जिथे ना सूज ना नस खराब, पण कणा आणि मेंदूच दुखणं वाढवून दाखवतात, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखण्याचा आजार) वगैरे, त्याला २०१७ पासून नोसिप्लास्टिक असं वेगळं नाव आहे. आईंच्या वर्णनात मला तो दिसत नाही म्हणून लांबवत नाही.

ओपीडीत आम्ही हे वेगळं कसं करतो ते सांगतो, कारण घरी बसून गुगल करण्यापेक्षा ही दहा मिनिटं जास्त मोलाची. पेशंट ठणकतंय, सुजलंय, हलवलं की दुखतंय म्हणाला तर माझं लक्ष सांध्याकडे जातं, आणि आग, मुंग्या, सुया, करंट, रात्री चादर लागली तरी सहन होत नाही असं म्हणाला की नसेकडे. मग डोळे मिटायला सांगून तळव्याला जाड नायलॉनच्या दोऱ्यासारखी मोनोफिलामेंट टेकवतो, ती बरोबर १० ग्रॅम दाबाला वाकते, आणि विचारतो कळलं का. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून अंगठ्याच्या हाडावर ठेवतो. कापूस फिरवतो, टोकदार काडी टेकवतो. कितीतरी पेशंट म्हणतात पाय जळतोय आणि त्याच पायाला मोनोफिलामेंट कळत नाही, नातेवाईक चकित होतात. जळणं आणि बधीरपणा एकाच पायात असणं हीच खराब नसेची खूण आहे, आणि धोकाही तिथेच आहे, कारण जो पाय रात्रभर जळतो त्याच पायाला चप्पलमध्ये घुसलेला खिळा कळत नाही. पाकिस्तानातल्या त्या मुलांचं जे सगळ्या अंगाचं झालं होतं ते मधुमेहात तळव्यापुरतं होऊ शकतं.

म्हणून आता काय करायचं ते मोकळेपणी सांगतो. डायक्लोफेनॅक मनाने रोज घेणं आधी बंद करा, जुन्या मधुमेहात किडनीवर ताण असतो, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून मगच, आणि ते सुद्धा थोडे दिवस. गुडघ्याला मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन, चोळायचं जेल, आणि गरज वाटली तर सांध्यात इंजेक्शन, ह्यांनी बरंच निभतं. प्रीगॅबलिनने आग थोडीच कमी झाली असेल तर डोस वाढवायचा का किंवा ड्युलोक्सेटिन हे नसेच्या दुखण्यावरचं दुसरं औषध जोडायचं का हे तुमच्या डॉक्टरांशी बोला, मात्र किडनी कमजोर असेल तर डोस कमी लागतो, गरगरतं, झोप येते, पाय सुजतात, बाथरूमला उठताना हात धरा, आणि गोळी एकदम बंद करू नका. आई मेटफॉर्मिन घेत असतील, बहुतेक घेतच असतील, तर बी१२ तपासा, ते कमी असलं तरी पायात अशाच मुंग्या आणि आग होते आणि ते भरून काढणं सोपं आहे, बऱ्याच जणांची ही तपासणी राहून गेलेली असते.

मोरीतलं गार पाणी समजू शकतो, आराम पडतो, पण पाच मिनिटांत आटपा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, रात्रभर ओलसर राहिलेली कातडी फाटते आणि शुगरच्या पायाला एवढी भेग पुरते. बर्फ अजिबात नको. आणि थंडीत किंवा गुडघा शेकताना गरम पाण्याची पिशवी चुकूनही तळव्याशी नको, पाणी किती गरम आहे ते आईंनी पायाने बघायचंच नाही, तुम्ही कोपराने बघा. रोज रात्री झोपायच्या आधी चांगल्या उजेडात तुम्ही स्वतः त्यांचे तळवे बघा, खाली वाकवत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, फोड, लाली, भेग, काळा डाग काही दिसलं तर दुखत नाहीये म्हणून थांबू नका, दुसऱ्या दिवशी दाखवा. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना मोनोफिलामेंटची तपासणी करून तिचा निकाल फाइलमध्ये लिहून द्यायला सांगा, दोन्ही पायांचा वेगळा.